पाहुण्यांच्या पाऊलखुणा मोजताना...

मालवण : मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी सुटते, तेव्हा तिच्यात किती माणसे बसली हे होडीवाल्याला कुणाला विचारावे लागत नाही. दर ऐकून कोण मागे फिरले, कुणाला लहान मूल सोबत असल्याने लाटांची धास्ती वाटली, कुणाला परतीच्या एस.टी.ची घाई होती, हेही त्याला उभ्या जागेवरून दिसते. याच किनाऱ्यावरील एखाद्या घरगुती निवासाचे संकेतस्थळ पाहून मागे फिरलेला मुंबई-पुण्याचा पाहुणा मात्र घरमालकाला दिसत नाही. तो दर पाहून परतला, छायाचित्रे उघडायला वेळ लागला म्हणून कंटाळला, की फोन क्रमांकच त्याला सापडला नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या शास्त्राला 'वापरकर्ता-वर्तन विश्लेषण' असे भारदस्त नाव आहे. त्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतील बऱ्याच साधनांना पैसेही पडत नाहीत. अडचण निवडीची आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागपासून आचऱ्यापर्यंत निवास-न्याहारीची घरे, स्कूबा डायव्हिंगची केंद्रे आणि डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्या यांवर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून आहे. मोठ्या आरक्षण संकेतस्थळावरून पाहुणा आला, की त्याच्या बिलातून दलाली कापली जाते. स्वतःच्या संकेतस्थळावरून आला, तर ती रक्कम घरात राहते. त्यात हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. चुकीच्या आकड्यांवर विसंबून एक हंगाम गेला, तर चूक सुधारण्यासाठी थेट पुढच्या दिवाळीची वाट पाहावी लागते. म्हणूनच कोणती पद्धत कशासाठी, हे समजून घेणे छोट्या व्यावसायिकालाही आवश्यक आहे.

आधी प्रश्न, मग पद्धत

या क्षेत्रातील बहुतेक गोंधळ साधन आधी घेऊन प्रश्न नंतर शोधल्यामुळे होतो. मुळात प्रश्न चारच प्रकारचे असतात. किती जण आले आणि कुठून आले? ते कोणत्या टप्प्यावर थांबले? का थांबले? आणि आपण केलेल्या बदलाने खरोखर फरक पडला का? पहिल्या दोन प्रश्नांना आकडे उत्तर देतात. तिसऱ्याला आकड्यांपाशी उत्तर नसते. तेथे माणसाला पाहावे आणि विचारावे लागते. चौथ्यासाठी प्रयोग करावा लागतो, आणि प्रयोगाला पुरेशी माणसे लागतात. प्रश्न कोणत्या खणातला आहे हे ठरले, की निम्मी साधने आपोआप बाद होतात.

नोंदवहीपासून घटनेपर्यंत

सर्वांत जुनी पद्धत सर्व्हरच्या नोंदींची. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, तो प्रत्येक मागणीची वेळ, पान आणि पत्ता टिपून ठेवतो. या नोंदींसाठी पानावर वेगळे काही बसवावे लागत नाही. मात्र त्यांत माणसांबरोबर शोधयंत्रांचे 'रोबो'ही मोजले जातात, आणि एकदा उघडलेल्या पानावर पाहुण्याने काय केले हे त्यांतून कळत नाही.

पुढची पायरी म्हणजे पानात लहानशी संगणकीय आज्ञावली बसवून भेटी मोजणे. गूगलने 'अर्चिन' ही कंपनी विकत घेऊन नोव्हेंबर २००५ मध्ये 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' मोफत खुले केले आणि ही पद्धत सर्वदूर पसरली. त्या व्यवस्थेची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ रोजी थांबली. आता तिची जागा घेणारी 'जीए-४' ही आवृत्ती पानांऐवजी 'घटना' मोजते. पान उघडणे ही एक घटना, छायाचित्र मोठे करणे ही दुसरी, फोन क्रमांकावर टिचकी मारणे ही तिसरी. ज्यांना माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायची आहे, त्यांच्यासाठी 'मॅटोमो' हे मुक्त-स्रोत साधन आहे. २०१८ पूर्वी ते 'पिविक' या नावाने ओळखले जाई.

येथे एक व्यावहारिक सूचना. 'जीए-४'च्या मोफत आवृत्तीत तपशीलवार विश्लेषणासाठीची माहिती मूळ मांडणीनुसार दोनच महिने ठेवली जाते. ही मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढविता येते. ती पहिल्याच दिवशी वाढविली नाही, तर यंदाच्या दिवाळीची गेल्या दिवाळीशी बारकाईने तुलना करता येणार नाही. हंगामावर चालणाऱ्या धंद्याला गेल्या महिन्यापेक्षा गेल्या वर्षाशी केलेली तुलनाच उपयोगी पडते.

नरसाळे आणि तुकडी

पाहुणा कुठे थांबतो हे पाहण्यासाठी 'नरसाळे' ही कल्पना वापरतात. मुखपृष्ठ, खोल्यांचे पान, दरपत्रक, चौकशीचा अर्ज असे टप्पे मांडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर किती जण गळाले हे पाहायचे. समजा, शंभरांपैकी साठ जण खोल्यांच्या पानापर्यंत आले, पन्नास दरपत्रकापर्यंत आणि केवळ दोघांनी अर्ज भरला. मग दुरुस्ती मुखपृष्ठाच्या रंगात करण्यात अर्थ नाही. दोष दरपत्रक आणि अर्ज यांच्यामध्ये शोधला पाहिजे.

दुसरी कल्पना 'तुकडी'ची. एकाच आठवड्यात अ‍ॅप उतरवून घेतलेल्यांची एक तुकडी धरायची आणि त्यांतील किती जण पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात परत आले हे मोजायचे. 'मिक्सपॅनल', 'अँप्लिट्यूड', गूगलचे 'फायरबेस' आणि २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले 'क्लेव्हरटॅप' ही घटना, नरसाळे आणि तुकडी यांभोवती रचलेली साधने आहेत. दररोज हजारो वापरकर्ते असलेल्या अ‍ॅपला ती शोभतात. आठ खोल्यांच्या निवासाला त्यांतील बहुतेक सोयींची गरज पडत नाही.

त्यातही एक मोठी गळती कोणत्याच नरसाळ्यात दिसत नाही. किनाऱ्यावरील आरक्षणे पुष्कळदा फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात. पाहुण्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हावर टिचकी मारली, की संकेतस्थळाच्या दृष्टीने तो 'निघून गेला'. प्रत्यक्षात तेव्हाच तो गिऱ्हाईक होऊ लागलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. ही टिचकी घटना म्हणून नोंदवावी. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात आधीच लिहिलेला मजकूर ठेवता येतो. प्रत्येक पानासाठी तो थोडा वेगळा ठेवला, तर आलेल्या संदेशावरूनच पाहुणा कोणत्या पानावरून आला हे कळते. फोनवरच्या आरक्षणांसाठी टेबलावरच्या वहीत 'आमच्याविषयी कुठे कळले?' असा एक रकाना आखला, तरी पुरे.

उष्णचित्र आणि चलचित्र

टिचक्या पानाच्या कोणत्या भागावर पडतात, हे लाल-पिवळ्या डागांनी दाखविणारे 'हीटमॅप' म्हणजे उष्णचित्र. त्याही पुढे जाऊन, पाहुण्याची बोटे पडद्यावर कशी फिरली, हे चित्रफितीसारखे पुन्हा दाखविणारी 'सेशन रीप्ले' ही पद्धत आहे. २०१४ मध्ये सुरू झालेले 'हॉटजार' आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने मोफत खुले केलेले 'क्लॅरिटी' ही यांतील परिचित नावे. एखाद्या चित्राला बटण समजून पाहुणा त्यावर चिडून पुनःपुन्हा टिचक्या मारतो, हे येथे चटकन दिसते. आकड्यांच्या तक्त्यात असा दोष महिनोन्‌महिने दडून राहतो.

या पद्धतीचे दोन तोटे आहेत. जास्तीच्या आज्ञावलीमुळे पान जड होते, आणि क्षीण नेटवर्कवर ते सावकाश उघडते. म्हणजे मोजणीच पाहुण्याला पळवून लावू शकते. दुसरा तोटा खासगीपणाचा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जगातील सर्वाधिक भेटींच्या ५० हजार संकेतस्थळांची पाहणी केली. त्यांतील ४८२ संकेतस्थळांवर अशा चित्रणाची आज्ञावली आढळली आणि अर्जात टंकलेली संवेदनशील माहितीही तिसऱ्या कंपनीकडे जात असल्याची उदाहरणे समोर आली. निवासाच्या अर्जात नाव, फोन, कधीकधी ओळखपत्राचा क्रमांकही मागितला जातो. असे पान चित्रणातून पूर्ण वगळणे, निदान सर्व रकाने झाकणे, ही किमान काळजी होय.

दोन रूपांची तुलना : गणित काय सांगते?

अर्ध्या पाहुण्यांना पानाचे जुने रूप दाखवायचे, अर्ध्यांना नवे, आणि कोणत्या रूपातून अधिक चौकशा येतात हे पाहायचे, ही 'ए/बी चाचणी'. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची ही सर्वांत भक्कम पद्धत. भारतीय कंपनी 'विंगिफाय'चे 'व्हीडब्ल्यूओ' याच कामासाठी जगभर वापरले जाते; गूगलचे मोफत 'ऑप्टिमाइझ' सप्टेंबर २०२३ अखेर बंद झाले.

पण ही चाचणी सर्वांना परवडणारी नाही, आणि त्याचे कारण पैसा नाही. समजा, एका निवासाच्या संकेतस्थळाला रोज ४० जण भेट देतात आणि त्यांतील २ टक्के चौकशी करतात. नव्या रूपाने हे प्रमाण ३ टक्क्यांवर जाते का, हे संख्याशास्त्राच्या रूढ कसोट्यांनुसार ठरवायचे, तर प्रत्येक रूपाला सुमारे ३,८०० पाहुणे लागतील. दोन्ही मिळून ७,६००. रोज ४० या हिशेबाने १९० दिवस. १ डिसेंबरला सुरू झालेली चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल, तेव्हा किनाऱ्यावर पाऊस कोसळत असेल आणि त्या निष्कर्षाचा उपयोग करायला पाहुणाच नसेल. बदल मोठा असेल आणि प्रमाण २ वरून ४ टक्क्यांवर जाण्याची शक्यता असेल, तर प्रत्येकी सुमारे १,१५० पाहुणे पुरतात. म्हणजे जवळपास दोन महिने. याचा बोध असा, की कमी वर्दळीच्या संकेतस्थळाने बटणाचा रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींची चाचणी घेण्याच्या फंदात पडू नये.

हेच गणित महिन्याच्या आकड्यांनाही लागू आहे. वरच्याच उदाहरणात महिन्याला साधारण १,२०० भेटी आणि २४ चौकशा येतील. पुढील महिन्यात ३० आल्या, म्हणून पेढे वाटू नयेत आणि १८ आल्या, म्हणून संकेतस्थळ बनविणाऱ्याला बोल लावू नये. अशा लहान संख्येत मूळ आकड्याच्या वर्गमुळाच्या दुपटीइतका, म्हणजे येथे दहापर्यंतचा, चढउतार निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो.

पाच माणसांची परीक्षा

मग छोट्या व्यावसायिकाने करावे काय? या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर देणारी एक जुनी पद्धत आहे. संगणकीय सुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्ये असे मांडले, की पाच जणांना प्रत्यक्ष काम करायला देऊन शांतपणे निरीक्षण केले, तर वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. एकेका माणसाच्या निरीक्षणातून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, असे त्यांचे आणि थॉमस लँडॉवर यांचे १९९३ मधील संशोधन होते. त्यावर हे गणित आधारलेले आहे. प्रत्येक संकेतस्थळाला ही टक्केवारी तंतोतंत लागू पडेल असे नाही. मात्र पहिली पाच माणसे सर्वाधिक शिकवतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

घरी उतरलेल्या पाहुण्यालाच चहा देऊन, 'येत्या शनिवारसाठी दोन खोल्या आमच्या संकेतस्थळावरून आरक्षित करून दाखवा' अशी विनंती करता येते. मधे बोलायचे नाही, मदत करायची नाही, चुकले तर टोकायचे नाही. फक्त कुठे बोट अडखळते ते लिहून ठेवायचे. पाचही जण एकाच प्रकारचे नसावेत, एवढे पथ्य पाळावे. पुण्याचा तरुण, कोल्हापूरचे ज्येष्ठ दांपत्य आणि बेळगावचे कन्नडभाषक कुटुंब यांच्या अडचणी वेगवेगळ्या असतात.

अ‍ॅपचे प्रकरण निराळे

संकेतस्थळाची मोजपट्टी अ‍ॅपला जशीच्या तशी लावता येत नाही. रोज किती जणांनी उघडले, हा अ‍ॅपच्या यशाचा सर्वमान्य आकडा मानला जातो. सहलीपुरते घेतलेले अ‍ॅप पाहुणा चार दिवस वापरतो आणि काढून टाकतो. त्याला या आकड्याने नापास ठरविणे अन्यायाचे आहे.

मच्छीमारांसाठी असलेल्या अ‍ॅपचे उदाहरण अधिक बोलके आहे. हैदराबादचे 'इन्कॉइस' हे केंद्र उपग्रहांकडून मिळणारे समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्याच्या नोंदी यांवरून मासळी सापडण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती देते, तसेच लाटांचे इशारेही देते. अशा माहितीचे अ‍ॅप जून-जुलैतील मासेमारीबंदीत कुणी उघडले नाही, तर ते अपयश ठरत नाही. होडीवर तांडेलाने एकट्याने इशारा पाहिला आणि त्यावरून साऱ्या खलाशांनी समुद्रात न जाण्याचे ठरविले, तर तक्त्यात 'एक वापरकर्ता' दिसतो. यंत्र फोन मोजते, माणसे मोजत नाही. उलट, एकच माणूस घरच्या संगणकावरून आणि मोबाइलवरून आला, तर तो दोनदा मोजला जातो. समुद्रात नेटवर्क नसताना घडलेल्या घटना फोनमध्ये साठून किनाऱ्याला लागल्यावर पोहोचतात. त्यामुळे आजचा आकडा आजच अंतिम मानू नये. येथे खरा प्रश्न 'समुद्रात जाण्यापूर्वी इशारा पाहिला का?' हा आहे, आणि त्याचे उत्तर धक्क्यावर जाऊन विचारल्यावर अधिक खात्रीने मिळते.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर 'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३' आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद त्यांत आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, हे स्पष्ट सांगून संमती घेणे हा या कायद्याचा गाभा आहे. ही सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास कायद्याने मनाई केली असून, त्यास मोजकेच अपवाद आहेत. माहितीची सुरक्षा राखण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

फोन आणि ब्राउझर बनविणाऱ्यांनीही आपापले निर्बंध घातले आहेत. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमधील हालचालींचा माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी घ्यावी लागते. सफारी ब्राउझर आज्ञावलीने ठेवलेल्या कुकीज २०१९ पासून सात दिवसांत पुसून टाकतो. दहा दिवस विचार करून पुन्हा आलेला पाहुणा त्यामुळे 'नवा' म्हणून मोजला जातो.

चौकट : कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत?

- किती आले, कुठून आले : पानावरील साधी मोजणी. तुलना गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी.
- कोणत्या टप्प्यावर थांबले : चार-पाच निवडक घटना आणि त्यांचे नरसाळे. फोन व व्हॉट्सअ‍ॅपवरील टिचक्या त्यात हव्यातच.
- पानावर काय खुपते : उष्णचित्र किंवा चित्रण, दोन-तीन आठवड्यांपुरते, अर्जाचे पान वगळून.
- का थांबले : पाच जणांचे निरीक्षण आणि पाहुण्यांशी गप्पा.
- बदलाने फरक पडला का : वर्दळ भरपूर असेल तरच ए/बी चाचणी. अन्यथा उघड दोष सरळ दुरुस्त करावा.
- परत येतात का : अ‍ॅपसाठी तुकड्यांचा अभ्यास, बंदी आणि हंगाम यांचे भान ठेवून.

सुरुवात कशी करावी, याचाही एक क्रम सांगता येईल. हंगामापूर्वी, सप्टेंबरमध्ये, पाच जणांची परीक्षा घेऊन ढोबळ दोष काढून टाकावेत. ऑक्टोबरपासून साधी मोजणी आणि निवडक घटना सुरू ठेवाव्यात. वहीतला रकाना रोज भरावा. मे महिन्याच्या अखेरीस वही आणि तक्ता शेजारी ठेवून वाचावेत. दोहोंत तफावत दिसली, तर आधी वहीवर विश्वास ठेवावा. कारण वहीतला पाहुणा प्रत्यक्ष उंबऱ्यातून आत आलेला असतो. जी माहिती पाहून कोणताही निर्णय बदलणार नाही, ती मुळात गोळाच करू नये. त्याने पान हलके राहते, कायद्याचे ओझे कमी होते आणि घरी येणाऱ्या पाहुण्याचा मानही राखला जातो.